रविवारच्या चादरी

वेंडेल येतोय हे आमच्या गावात आधी कानाला कळतं. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा खुळखुळतो, मग कोपऱ्यावर टोपी दिसते, आणि अगदीच त्याचा मूड असला तर टोपीखालून "नमस्कार" असं काहीतरी पुटपुटल्याचं ऐकू येतं. शाळेचा शिपाई म्हणा, हॉलचा रखवालदार म्हणा, तो आहे. शाळेचा बॉयलर पेटवणं, पायऱ्यांवरचा बर्फ ओढणं, पोरांनी छपरावर उडवलेले चेंडू काढणं आणि ग्रामसभेच्या दिवशी हॉलमध्ये खुर्च्या मांडणं, हे त्याचं आयुष्य. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणायचा, "विचारायचं राहून गेलं."

सभेच्या आधी माईक लावायचं कामही त्याचंच. माईकवर बोट आपटून "एक, दोन" म्हणायचा. इतकी वर्षं सभा झाल्या, पाण्याच्या पाइपावरून माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली, पण वेंडेल त्या माईकमध्ये "एक, दोन"च्या पुढे कधी गेला नाही. मला त्याचं कौतुक वाटायचं. बडबड्यांच्या गावात एक तरी माणूस गप्प बसणारा असावा. गप्प बसणं म्हणजे शहाणपण असं मी तेव्हा समजत होते.

मी ओर्नेला. चर्चच्या पायऱ्या उतरल्या की समोर पाव-दुधाचं दुकान दिसतं ते माझं. माझे वडील इटलीतून इथे धरणाच्या कामावर आले. मी इथेच जन्मले, वेंडेलच्या वर्गात शिकले, पण स्विस नागरिकत्वाचा अर्ज काही केला नाही. वडील म्हणायचे, "यांचं धरण बांधून दिलं, आता यांच्याच दारात वाडगा घेऊन उभा राहू?" बापाचा ताठा माझ्यात जसाच्या तसा उतरलाय. आमच्याकडे परक्या माणसाला देशाचं करून घ्यायचं की नाही हे आधी गाव ठरवतं, ग्रामसभेत हात वर करून. राजधानीचा शिक्का नंतर. मी सभेला जाते, पण मागे, भिंतीला लागून पाहुण्यांचा बाक आहे त्यावर बसते. त्या बाकाला कान असतात. हात आणि तोंड नसतं.

आता वेंडेलच्या आईबद्दल सांगायलाच हवं, कारण या सगळ्याच्या मुळाशी ती आहे. ओटिलिया. चाळीसेक वर्षं चर्चमधली सगळी वस्त्रं तिने धुतली, तिनेच खळ घालून इस्त्री केली. तिच्या दोरीवरचं पांढरं पाहून गावातल्या बायका आपापलं धुणं आत घेत. घरातल्या प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात तिने लाल दोऱ्याने तीन पाकळ्यांचं फूल भरलेलं. तिचा एक नियम होता: रविवारी दोरी रिकामी पाहिजे. देवाच्या दिवशी धुणं वाळत घालणारी बाई तिच्या लेखी बाईच नव्हती. मी लहान असताना माझ्या आईने एकदा रविवारी माझे दोन फ्रॉक बाहेर टाकले, तर ही काठी घेऊन आमच्या दारात. आईला भाषा धड कळेना, पण काठी कळली. आईने ओले फ्रॉक पोटाशी धरून आत आणले. पुढे कितीतरी वर्षं मी ओटिलियाला पाव देताना मुद्दाम करपलेला काढून द्यायचे. असो.

चर्चला जायच्या वाटेवर जे जुनं घर आहे, त्यात खाली वेंडेल आणि त्याची आई, आणि वर द्रिता, तिचा नवरा, दोन मुली. द्रिता कोसोवोची. म्हणजे कागदावर. नऊ वर्षांची असताना बापाचं बोट धरून आली, ती आमच्याच शाळेत आमचीच बोली शिकली. आता पलीकडच्या गावात वृद्धाश्रमात परिचारिका आहे. शहरातून आलेल्या मास्तरणीपेक्षा आमच्या गावच्या शिव्या तिला जास्त येतात, फक्त ती देत नाही. वेंडेलला लहानपणापासून काका म्हणते.

ओटिलिया अंथरुणाला खिळली तेव्हा तिला आश्रमात ठेवायचं नाही असं वेंडेलने ठरवलं. ठरवलं त्याने, केलं द्रिताने. दिवसभर आश्रमात परक्या म्हाताऱ्यांचं करून आली की जिना चढायच्या आधी खालच्या दारावर टकटक. पैसे विचारले तर म्हणाली, "काका, मी लहानपणी शाळेच्या किती काचा फोडल्या, त्याचं बिल तुम्ही लावलं होतं का?"

ओटिलियाने तिच्याकडून एक शब्द मात्र घेतला होता. अंथरूण ओलं होतं, घाण होतं, हे गावात कुणाला कळता कामा नये. जन्मभर गावाचे डाग काढलेली बाई ती. स्वतःचा डाग तिला सोसेना. ढुंगणाला बांधायचं काही आणलं की फेकून द्यायची.

सप्टेंबरात आमच्याकडे प्रार्थनेचा रविवार असतो. साऱ्या देशाने मिळून देवाचे आभार मानायचे आणि वर्षभराच्या पापांबद्दल माफी मागायची. त्या दिवशी नाच नाही, गाणं नाही, घंटेशिवाय कसला आवाज नाही. घरोघरी आलुबुखाराचा टार्ट. त्या सकाळी ओटिलियाचं पोट बिघडलं. पहाटेपासून चादरीवर चादर. कपाट रिकामं झालं. वेंडेल चर्चचे कपडे घालून जिन्यावर बसून राहिला. त्याने आईला हात लावला नाही. मुलाने आईला त्या अवस्थेत बघायचं नसतं म्हणे. वर जाऊन द्रिताला म्हणाला, "मला जमत नाही गं."

मशीनचा आवाज नको म्हणून तिने तळघरात टबात, हातांनी धुतल्या त्या चादरी. आणि दुपारच्या आत एखादी तरी सुकायला हवी म्हणून दोरीवर घातल्या. त्याच वेळी चर्च सुटलं.

हे मला सोमवारी वेंडेलनेच सांगितलं. धुण्याचा सोडा घ्यायला आला आणि माझ्या पोत्यांच्या मागे उभा राहून रडला. "कुणाला बोलू नकोस, ओर्नेला. आईला कळलं की मी सांगितलं, तर ती मरेल." ती तशीही महिन्याभरात गेली. द्रिताच्या हातावर डोकं ठेवून गेली, आणि अंगाखालची चादर त्या वेळी स्वच्छ होती, एवढं मला ठाऊक आहे.

तो हिवाळा वाईट होता. देशभर मतदान होऊ घातलं होतं: बाहेरच्यांची संख्या किती झाली की दार लावून घ्यायचं. दार लावा म्हणणाऱ्या पक्षाचं आमच्या गावातलं काम पिरमिन बघतो. दुधाचे टँकर आहेत त्याचे. गोठ्याच्या भिंतीवर त्याने भलं मोठं पोस्टर लावलं होतं, लाल पंजा आणि खाली "पुरे!" त्याच गोठ्यात शेण काढायला पोर्तुगालचे दोघं. त्यांना मात्र तो पुरे म्हणत नव्हता.

ओटिलियाला पुरून चार-पाच दिवस झाले असतील. मी खानावळीत संध्याकाळचे पाव टाकायला गेले होते. तिथे खिडकीजवळ ठरलेल्या माणसांचं ठरलेलं टेबल आहे. वेंडेल बसला होता, समोर पिरमिन.

"वेंडेल," पिरमिन म्हणाला, "तुझ्या वरच्या बाईने प्रार्थनेच्या रविवारी धुणं वाळत घातलं होतं. बरोबर ना?"

वेंडेलने ग्लास फिरवला. पिरमिन त्याच्याकडे टक लावून बघत होता, जरा जास्तच वेळ. उत्तराची वाट बघतोय असं मला वाटलं.

"घातलं होतं," वेंडेल म्हणाला. आणि मग, कुणी विचारलं नसताना वर म्हणाला, "त्यांना काय, रविवार काय नि सोमवार काय."

टेबल हसलं. मी पावाची टोपली जरा जोरातच ठेवली. बाहेर त्याला गाठलं. म्हटलं, "अरे मेल्या, ही काय जीभ झाली तुझी?"

"मग काय सांगू? आईने अंथरुणात केलं म्हणून सांगू? तिला जाऊन आठ दिवस झाले नाहीत!"

"गप्प बसायचं होतंस. नाहीतरी तुला तेवढंच येतं."

तो किल्ल्या मुठीत धरून गेला, खुळखुळ होऊ नये म्हणून.

नोव्हेंबरच्या शेवटी ग्रामसभा. वेंडेलने खुर्च्या मांडल्या, "एक, दोन" म्हटलं. बर्फ काढायच्या नव्या गाडीवर तासभर भांडण झालं. मग सरपंच रेगुला म्हणाली, "पुढचा विषय, नागरिकत्व. अर्ज एकच आहे."

द्रिता उठली. निळं जाकीट, केस घट्ट बांधलेले. खिडकीखालच्या टेबलावर तिने आधीच तीन थाळ्या आणून ठेवल्या होत्या, कोसोवोचं पिते, पालक आणि चीज घालून पातळ पोळ्यांचे थर लावून भाजलेलं, त्यावर पांढरं कापड. आमची रीत आहे: ज्याला गाव आपलं म्हणतं, तो सभेनंतर गावाला काहीतरी खायला घालतो. वाईन ग्रामपंचायतीची.

"मी काय सांगू माझ्याबद्दल," द्रिता म्हणाली. "तुम्ही सगळे ओळखता मला. याच हॉलमध्ये व्यायामाच्या तासाला मी दोरावरून पडले होते. वेंडेलकाकांनी गुडघा बांधला. तेव्हापासून इथेच आहे. आता मुली विचारतात, आई, तू सभेत मागे का बसतेस? म्हटलं, एकदा पुढे बसून बघू या." लोक हसले. चांगलं हसले. माझा जीव भांड्यात पडला.

मत द्यायच्या वेळी उमेदवाराने बाहेर जायचं असतं. ती गेली. वेंडेलने दार लावलं आणि दाराशीच उभा राहिला.

पिरमिन उठला. "माझं द्रिताशी वैर नाही. बाई चांगली आहे. पण."

हा 'पण' मी माझ्या वडिलांच्या वेळेपासून ऐकतेय. माणूस चांगला आहे, पण.

"पूर्वी कसं, नको तर नको, हात वर केला नाही की झालं. आता वरच्या कोर्टाने सांगितलंय, नाही म्हणायचं तर कारण द्या. तर देतो कारण. प्रार्थनेच्या रविवारी, साऱ्या चर्चच्या डोळ्यांदेखत, या बाईने दोरीभर धुणं वाळत घातलं. तीस वर्षं इथे राहून एवढं कळू नये? जिला आपला रविवार कळत नाही तिला आपलं गाव काय कळणार? आणि हे माझ्या पदरचं नाही. वेंडेल त्याच घरात राहतो. विचारा त्याला."

मागून म्हातारा ग्रेगोर ओरडला, "अरे, चादरीच ना त्या? बॉम्ब तर नव्हते?" थोडं हसू झालं. मग सगळ्या माना दाराकडे वळल्या. रेगुलाने माईक पाठवला, हातोहात, मागपर्यंत.

"वेंडेल, हे खरं आहे का?"

त्याने माईक दोन्ही हातांनी धरला. मी बाकावर, त्याच्यापासून हातभर अंतरावर. त्याच्या कानशिलावरून घाम निघालेला मला दिसत होता. मी मनात म्हणत होते, बोल. एकच वाक्य आहे. त्या माझ्या आईच्या होत्या. बोल ना रे.

"हो," वेंडेल म्हणाला.

"काय पाहिलंत?"

"चादरी. दोरीवर."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. आता येतंय, आता येतंय, असं वाटलं. पिरमिनसुद्धा खाली बसायचा थांबला होता.

"एवढंच," वेंडेल म्हणाला आणि माईक परत दिला.

मी उठून उभी राहिले. रेगुलाने लगेच हात दाखवला, "पाहुण्यांना बोलता येत नाही, ओर्नेला." बरोबर आहे. नियम आहे. मी खाली बसले आणि माझे गाल असे तापले की जणू खोटं मीच बोलले. मग "नको" म्हणणारे हात वर झाले. मोजायची गरज पडली नाही. माझ्याकडून रोज पाव नेणारे हात, एकूण एक मला ओळखू येत होते.

दार उघडायचं काम वेंडेलचं. बाहेर, पोरांचे कोट टांगायच्या खुंट्यांखाली, बूट काढायच्या बुटक्या बाकावर द्रिता गुडघे जवळ घेऊन बसली होती.

"ये," तो म्हणाला. "बोलावलंय."

ती उठली, जाकीट खाली ओढलं आणि त्याच्याकडे बघून दचकली. "काका, असे पांढरे का पडलात? बरं नाही का वाटत?"

रेगुलाने कारणासकट वाचून दाखवलं. कायदा आहे ना. स्थानिक चालीरीतींशी पुरेशी एकरूपता नाही, रविवारची शांतता पाळली नाही, साक्षीदार अमुक. द्रिताला आधी समजलंच नाही. मग समजलं. तिने मान वळवून वेंडेलकडे पाहिलं. तो एक किल्ली कड्यातून काढत होता आणि परत घालत होता.

तिला बोलता आलं असतं. तिथल्या तिथे, चार शब्दांत. मी वाट बघत होते. ती म्हणाली, "समजलं. धन्यवाद." दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली, "पिते गरम आहे तोवर खाऊन घ्या."

आणि लोकांनी खाल्लं. हे मला अजून गिळता येत नाही. आधी कुणी कापडाला हात लावेना. मग वाईन फिरली, एकाने कापड उचललं, बाकीच्यांनी बशा धरल्या. फुकट ते पौष्टिक. पिरमिन बोटं चाटत म्हणाला, "काही म्हणा, हाताला चव आहे बाईच्या." ज्या हाताने नाही म्हणायचं त्याच हाताने तिचं खायचं, आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून खातोय अशा चेहऱ्याने! मी एक थाळी उचलली, कोटाखाली धरली आणि निघाले. चोरी म्हणायची तर म्हणा. वेंडेल खुर्च्या एकात एक रचत होता. ज्यांवर माणसं अजून बसलेली होती त्यासुद्धा ओढत होता.

दुसऱ्या दिवशी थाळी धुऊन परत द्यायला गेले. म्हटलं, "द्रिता, अपील कर. जिल्ह्याच्या कचेरीत एक पान लिहून दे, संपलं."

"काय लिहू? कारणात आजी येतात. मी त्यांना शब्द दिलाय."

"मेली ती, बाई!"

"म्हणून तर. जिवंत असत्या तर त्यांच्याकडून सोडवून तरी घेतला असता." मग हळूच म्हणाली, "काका बोलले तर बोलू देत. आई त्यांची आहे. मुदत आहे अजून."

मग मी लिहिते, म्हटलं. तर माझा हात धरला तिने. "तुम्ही नाही. ते काकांनी करायचं."

म्हणजे सगळं वेंडेलच्या जिभेवर येऊन ठेपलं होतं. तो रोज सकाळी अर्धा पाव घ्यायला यायचा. मी विचारायचे, "बोललास?"

"उद्या."

"तुझा उद्या माझ्या कॅलेंडरात दिसत नाही."

"आईची चर्चमध्ये पाटी लावणार आहेत, ओर्नेला. चाळीस वर्षांच्या सेवेबद्दल. ती लागू दे."

"आणि द्रिताची पाटी?"

तो पाव घेऊन जायचा. मी त्याला करपलेले द्यायला लागले. त्याने एकदाही तक्रार केली नाही, त्यामुळे माझा संताप आणखी वाढला. तो वाळत चालला होता हे खरं. हॉलमध्ये जायचा आणि काही न करता परत यायचा. द्रिता जिन्यात भेटली की भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, पोरं शिक्षा झाल्यावर राहतात तसा. ती "नमस्कार, काका" म्हणायचीच. तिने नमस्कार टाकला असता तर त्याला बरं वाटलं असतं, असं तो मला म्हणाला.

नाताळच्या आधीच्या एका रविवारी चर्च सुटलं आणि लोक वाटेतच थबकले. वेंडेलच्या अंगणात दोरीभर चादरी. लाल फुलांच्या, आईच्या. थंडीने गोठून फळ्यांसारख्या ताठ झालेल्या, एकमेकींवर आपटत होत्या. आणि वेंडेल टोपी काढून शेजारी उभा. नुसता उभा.

"म्हातारी गेल्यापासून याचं डोकं फिरलंय," कुणी म्हणालं. कुणी हसलं. पिरमिन हसला नाही. तो घाईघाईने गाडीकडे गेला.

द्रिता जिन्यावरून खाली आली. गोठलेल्या चादरी एकेक करून चिमट्यांतून सोडवल्या, हातावर आडव्या घेतल्या. "आत चला, काका. रविवार आहे. लोक बघतायत."

"बघू देत. बघावं म्हणूनच..."

"तुम्हाला तोंड आहे ना? मग आजींच्या चादरींना का बोलायला लावता?"

मी कुंपणापाशी होते. त्याचा चेहरा बघवेना मला. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस आयुष्यात एकदा भांडं पुढे करतो, तेही उपडं.

अपिलाची मुदत जानेवारीतल्या एका शुक्रवारी संपली. वेंडेल बोलला तो त्यानंतरच्या रविवारी. हे मी मुद्दाम सांगते. मुदत संपली की आमच्याकडे माणसाला धीर येतो.

चर्च सुटल्यावर माझं दुकान भरतं. पिरमिन होता, ग्रेगोर होता, रेगुला होती, पाच-सात बायका होत्या. द्रिता दुधासाठी रांगेत उभी. वेंडेल आत आला, दार लावलं, टोपी काढली. आणि काय करावं त्याने? घसा खाकरून म्हणाला, "एक, दोन."

सगळे वळले.

"त्या चादरी माझ्या आईच्या होत्या. प्रार्थनेच्या रविवारच्या. आईने घाण केल्या होत्या. मी हात लावला नाही. द्रिताने धुतल्या. मी सभेत... मला आईची लाज वाटली. म्हणजे, आईची लाज जाईल असं वाटलं." तो थांबला. "आता मला माझी वाटते."

मी कापायची सुरी खाली ठेवली. मला वाटलं आता कुणीतरी "अरेरे" म्हणेल. आता रेगुला पुढे होईल, द्रिताचा हात धरेल, म्हणेल, आमची चूक झाली.

पिरमिनने ओठावरची साखर पुसली. "माहीत आहे, वेंडेल," तो म्हणाला. अगदी मऊ आवाजात.

"काय माहीत आहे?"

"आईच्या होत्या ते. कोपऱ्यात लाल फूल. चाळीस वर्षं त्या फुलाकडे बघतोय आम्ही. म्हातारी अंथरुणाला होती, तू दर दोन दिवसांनी सोडा नेत होतास. कळायला काय लागतं? सगळ्यांना माहीत होतं."

मी एकेकाकडे पाहिलं. एक बाई पाकिटात बघायला लागली. रेगुला पावांकडे बघत होती, जसं काही कुठला घ्यावा ते ठरत नाही. म्हाताऱ्या ग्रेगोरने मान खाली घातली. सगळ्यांना. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून आम्ही तिघं जी जिवापाड झाकत होतो, ती मूठ नव्हतीच.

"मग?" मी ओरडले. "मग सभेत असं का बोललास, हलकटा?"

"कारण द्यावं लागतं ना आता," पिरमिन म्हणाला. त्याचेही कान लाल झाले होते, पण बोलायचा थांबला नाही. "मतदान तोंडावर, पक्षाने सांगितलेलं, यंदा एकही नको. शोधलं मी. कर भरलेला, कचरा वेळेवर, पोरी शाळेत पहिल्या. दुसरं काही सापडेचना." मग वेंडेलकडे वळला. "आणि तुला विचारलं होतं की रे. खानावळीत विचारलं. भर सभेत विचारलं. तू नाही म्हणाला असतास तर मी खाली बसणार होतो. देवाशप्पथ. मला वाटलं, हा सांगेलच."

वेंडेलच्या हातातली टोपी खाली पडली. त्याने ती उचलली नाही. इतका उघडा माणूस मी कधी पाहिला नाही, आणि माझं दुकान इतकं घाण मला कधी वाटलं नाही. वडिलांनी वाडगा घेऊन उभं राहायला नकार दिला, त्याचा मला जन्मभर अभिमान होता. त्या दिवशी कळलं की याच लोकांना रोज सकाळी हसून पाव विकणारी मी, मीही इथलीच आहे, अर्ज न करता.

द्रिता काउंटरशी आली. दुधाची बाटली पिशवीत ठेवली.

"म्हणजे मला एकटीलाच माहीत नव्हतं," ती म्हणाली, "की सगळ्यांना माहीत आहे."

लोकांनी तिला वाट दिली. वेंडेल सवयीने दाराकडे वळला, मूठ पकडायला हात पुढे केला.

"राहू द्या, काका," ती म्हणाली. "मी उघडते."

तिने दार उघडलं, उंबरठ्यावर थांबली आणि आमच्या गावच्या रीतीप्रमाणे आत उभ्या असलेल्या सगळ्यांना म्हणाली, "शुभ रविवार."

उत्तर द्यायची रीत आहे. कुणाच्याही तोंडून ते निघालं नाही.